पालकांनी आता निघावं

घंटा झाली तेव्हा सिस्टर आपल्या कॉटवर चादर घालत होत्या. पाठोपाठ हॉस्टेलच्या व्हरांड्यातून वॉर्डनबाईंचा खणखणीत आवाज आला, "चला, पालकांनी आता निघावं! वेळ संपली. डोळे पुसायचे ते गेटबाहेर जाऊन पुसा, चला!"

सिस्टरनी हातातलं चादरीचं टोक तसंच सोडलं, पर्स खांद्याला लावली आणि निमूटपणे खोलीबाहेर पडल्या.

वास्तविक ती खोली त्यांचीच होती. कॉट त्यांची, चादर त्यांची, कपाटाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये. भूगोलात एम. ए. करायला आलेल्या रीतसर विद्यार्थिनी होत्या त्या. पण सगळी उमर हॉस्पिटलच्या वॉर्डात गेलेली. तिथं भेटीची वेळ संपली की घंटा व्हायची आणि सिस्टर नातेवाइकांना अशाच हाकलायच्या. कुणी पेशंटच्या उशाशी रेंगाळलं तर त्याची धडगत नसे. दुसऱ्यांना बाहेर काढता काढता घंटेचा धाक त्यांच्याच अंगात मुरला होता. शिवाय 'पालक' म्हणताना वॉर्डनबाईंनी उघड्या दारातून नेमकं त्यांच्याकडेच पाहिलं होतं. कानाजवळ पांढरी बट, नाकावर जवळचं बघायचा चष्मा, चेहऱ्यावर जन्माची काळजी. पाहणाऱ्याचा तरी काय दोष?

चूक तशी थोड्या वेळापूर्वीच सुरू झाली होती. खोलीतली दुसरी कॉट एका कुरळ्या केसांच्या मुलीला मिळाली होती. मुलगी पुस्तकं लावत होती, वडील खिडकीची कडी लावून-काढून बघत होते आणि आई सगळ्यांच्या वाटचं एकटीच बोलत होती.

"तुमची कुठंय?" आईनं सिस्टरना विचारलं.

"माझी? काय माझी?"

"मुलगी हो! आमच्या हिला कधीची उत्सुकता, रूममेट कोण येतेय म्हणून."

तेव्हाच सांगून टाकलं असतं तर दोन मिनिटांत हसून विषय मिटला असता. पण सिस्टर कंटाळल्या होत्या. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून दिरापासून दूधवाल्यापर्यंत ज्यानं त्यानं एकच विचारलं होतं, "या वयात? आणि भूगोल? त्याचं करणार काय?" त्यांच्यापाशी धड उत्तर नव्हतं. शाळेत असताना नकाशे काढायला फार आवडायचं, एवढंच खरं उत्तर होतं. बी. ए. त्यांनी ड्यूट्या सांभाळून बाहेरून केलं होतं, तेही त्याच ओढीनं. पण केस पिकायला लागलेल्या बाईनं हे असं सांगायचं म्हणजे त्यांना स्वतःलाच पोरकट वाटायचं. आता ही नवी बाई तेच विचारणार आणि मुलीदेखत विचारणार.

"येईल इतक्यात," सिस्टर म्हणाल्या.

खोटं बोलायची सवय नव्हती असं नाही. 'काही नाही दुखणार हं' हे वाक्य त्यांनी आजवर किती जणांना ऐकवलं असेल, त्याची मोजदाद नाही. पण ते सुई टोचण्याआधी.

"तिला सांगून ठेवा हं," आई सांगत होती, "आमची जरा हळवी आहे. सकाळी हलवून उठवावी लागते. जेवायची आठवण करावी लागते."

"आई, पुरे ना गं!" मुलगी पुस्तकांआडून कळवळली.

"सांगते हो," सिस्टर म्हणाल्या. आणि मग ती घंटा झाली.

गेटबाहेर पालकांचा घोळका उभा होता. कुणी उगीचच मोबाइलमध्ये बघत होतं, कुणी वरच्या खिडक्यांकडे. कुरळ्या केसांच्या मुलीची आई मात्र हमसून हमसून रडायला लागली. सिस्टरनी तिचा हात हातात घेतला, तर बोटं आपसूक मनगटावर नाडीपाशी गेली.

"खोल श्वास घ्या. सावकाश. असंच."

"तुम्ही डॉक्टर का?"

"नर्स होते."

"किती धीर आहे तुम्हाला! मुलीला सोडून निघालात आणि डोळ्यांत टिपूस नाही."

तेवढ्यात मुलीच्या वडिलांनी गाडीचं दार उघडलं. "तुम्हाला बसस्टँडवरच जायचं असेल ना? आमच्या वाटेवरच आहे. बसा."

"नको, कशाला उगीच तुम्हाला त्रास."

"त्रास कसला त्यात? बसा हो."

सिस्टर बसल्या. 'नाही' म्हणणं हा प्रकार त्यांना आयुष्यात जमला नव्हता. बरोबरीच्या नर्सेसच्या ड्यूट्या, नणंदांची बाळंतपणं, जावेच्या मुलांच्या परीक्षा, सगळं याच एका उणिवेपायी त्यांच्या गळ्यात पडलं होतं. आता तर त्या स्वतःच दुसऱ्याच्या गाडीत पडल्या होत्या, आणि गाडी चालली होती उलट्या दिशेनं.

सकाळी हेच रस्ते बघताना त्यांना केवढं अप्रूप वाटलं होतं! झेरॉक्सची दुकानं एकाला एक लागून. 'खोली भाड्याने मिळेल' म्हणून जिथंतिथं चिकटवलेले कागद. लायब्ररीच्या रुंद पायऱ्यांवर पुस्तक उघडं टाकून गप्पा छाटणारी मुलं. कुणाला कसली घाई नाही, कुणाच्या नळीतलं सलाईन संपत आलेलं नाही. आता तेच सगळं एकेक करून मागे पडत होतं. आपण बोलत का नाही? तोंड आहे ना आपल्याला?

गाव कुठलं ते वाटेत विचारून झालं होतं. स्टँडवर त्या गावाची बस लागलेलीच होती. ड्रायव्हर चढलेला, इंजिन सुरू.

"नशीबवान आहात," वडील म्हणाले. "पळा, जागा मिळेल."

सिस्टरनी बसकडे पाहिलं. चढलं की जेवणाच्या वेळेला घरी. कुणी रागावणार नव्हतं, कुणी हसणारही नव्हतं. 'बरं झालं बाई, आलीस,' एवढंच सगळे म्हणाले असते आणि हातात विळी दिली असती. ते 'बरं झालं' कानात इतकं स्पष्ट वाजलं की सिस्टर मनापासून घाबरल्या.

"तुमचं सामान?" आईच्या एकदम लक्षात आलं. "खोलीवर राहिलं की काय?"

"खोलीवरच आहे. तिथंच राहणार आहे." सिस्टरनी दाराची कडी घट्ट धरली. "माझी मुलगी नाही येणार तिथं. म्हणजे मुलगी आहे मला, पण ती नोकरी करते. त्या खोलीत मीच आहे. मी भूगोल शिकायला आलेय."

वडिलांनी आरशातून एकदा पाहून घेतलं.

"मग तुम्ही आमच्याबरोबर बाहेर कशा आलात?" आई आ वासून बघत राहिली.

"घंटा झाली ना."

वडील स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लागले. सिस्टरनाही हसू फुटलं. दिवसभरात त्या पहिल्यांदाच हसत होत्या. आईला मात्र हसायला फुरसत नव्हती, तिचा चेहरा भलत्याच कारणानं उजळला होता.

"अगंबाई, म्हणजे तुम्हीच हिच्या खोलीत? आणि वर नर्स! माझा जीव भांड्यात पडला बघा. आता मला कसली चिंता! सकाळी तेवढं उठवा तिला. उठली नाही तर पाणी शिंपडा, चालतं. रात्री दूध प्यायलीय का बघा. टॉनिकची बाटली पिशवीत आहे, ती स्वतः होऊन घ्यायची नाही. आणि पाळीच्या दिवसांत पोट फार दुखतं, तेव्हा जरा शेकायला... तुम्हाला काय सांगायचं म्हणा! तुम्हाला सवयच आहे."

मागे बस हलली. सिस्टरच्या ओठांवर 'बघते हो' येऊन ठेपलं होतं. इतक्या वर्षांत ते शब्द कधी विचार करून निघालेच नव्हते, नळ सोडल्यासारखे आपोआप यायचे. सिस्टरनी ते गिळले.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "ते माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"अं?"

"आजारी पडली तर डॉक्टरकडे नेईन. ते कुणीही नेईल. पण उठवणं, दूध देणं, लक्ष ठेवणं, हे मी करणार नाही. मला अभ्यास आहे."

आईचा चेहरा पडला. सिस्टरची छाती धडधडत होती, नाडी न बघताच कळत होतं. माफी मागून टाकावी, एवढंसं तर काम आहे, असं अगदी जिभेवर आलं. पण त्यांनी ती मागितली नाही.

"बरोबर आहे त्यांचं," वडील पुढे बघत म्हणाले.

"मग तिच्याकडे बघणार कोण?"

"तीच बघेल," सिस्टर म्हणाल्या.

"आणि जेवायलाच विसरली तर?"

"तर एखाद्या रात्री उपाशी झोपेल. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये सगळ्यांच्या आधी जाऊन बसेल."

आईनं रुमाल डोळ्यांना लावला, मग तो मांडीवर पसरून त्याची घडी घालत राहिली. तिनं विचारलं, ते आधीच्यापेक्षा हळू, "तुम्हाला घरच्यांनी सोडलं?"

"सोडतंय कोण! मीच निघाले."

आईनं मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. 'या वयात' वगैरे काही ती म्हणाली नाही. "बरं केलंत," म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली. हे रडणं मुलीसाठी आहे की आणखी कशासाठी, ते सिस्टरना कळलं आणि त्यांनी तिचा हात दाबला. या खेपेला नाडी बघितली नाही.

"चला, परत सोडतो तुम्हाला," वडील म्हणाले.

"नको. चालत जाते. रस्ते कळायला हवेत मला."

दुसरं 'नाही' पहिल्यापेक्षा कितीतरी सोपं गेलं. सिस्टर गाडीतून उतरल्या आणि त्यांना अंगावरून ओला कपडा काढल्यासारखं हलकं वाटलं. मग त्यांनी मनसोक्त चुका केल्या. लायब्ररीच्या मागून जाणारी गल्ली धरली, ती एका छापखान्याच्या भिंतीपाशी संपली, तेव्हा परत फिरल्या. उतार कुठल्या बाजूला आहे, पाणी कुठं साचत असेल, वस्ती जुनी कुठली आणि नवी कुठली, हे बघत बघत त्या चालल्या होत्या आणि बायका भाजी निवडताना गुणगुणतात तशा गुणगुणत होत्या.

वाटेत नवऱ्याचा फोन आला.

"अगं, मिठाची बरणी कुठंय?"

बरणी फडताळात वरच्या खणात, साखरेच्या मागे होती. सिस्टरना ती डोळ्यांसमोर लख्ख दिसली, झाकणावरच्या चिरेसकट.

"शोधा," त्या म्हणाल्या. "सापडेल."

"अं? बरं." मग बराच वेळ नुसती भांड्यांची आदळआपट. "हां, सापडली. साखरेच्या मागे होती." आवाजात चक्क फुशारकी होती. "तू ठीक आहेस ना?"

"मी ठीक आहे," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांच्या ध्यानात आलं, की हे खरं आहे. घर आपल्यावाचून अडणार नाही याचं थोडं वाईट वाटलं. पण थोडंच. सुटल्यासारखं मात्र पुष्कळ वाटलं.

गेटवरच्या पहारेकरीण बाईंनी त्यांना अडवलं. "पालकांना आता आत सोडत नाही."

"मी इथं राहते. नवीन विद्यार्थिनी."

बाईंनी नखशिखान्त पाहून घेतलं. "मग मघाशी त्यांच्यात मिसळून बाहेर का गेलात?"

"वेडेपणा. दुसरं काय?"

"नवीन मुली करतात असलं काहीबाही," बाई म्हणाल्या आणि फाटक उघडलं.

खोलीत कुरळ्या केसांची मुलगी कॉटवर पाय मुडपून बसली होती. सिस्टरना बघताच ताडकन उठून उभी राहिली.

"आईचा फोन आला होता. म्हणाली, त्या बाईंना कसला त्रास देऊ नकोस, फार कडक आहेत."

"आहेच मी कडक."

"थँक यू," मुलगी म्हणाली. सिस्टरनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, तशी ती घाईघाईनं बोलायला लागली. "तुम्ही विद्यार्थिनी आहात असं आईनं सांगितलं ना, तेव्हा मी कपाळालाच हात लावला. म्हटलं झालं! आता इथंसुद्धा दूध आणि टॉनिक."

"मलाही तेच वाटलं," सिस्टर म्हणाल्या. "इथंसुद्धा दूध आणि टॉनिक."

दोघी खिदळल्या. वरच्या मजल्यावरून कुणीतरी पाय आपटून गप्प बसायला सांगितलं, तशा आणखीच.

"पण मी तुम्हाला म्हणू काय?" मुलीनं विचारलं. "काकू?"

"काकू म्हटलंस की मी तुझ्या जेवणाची चौकशी करायला लागेन."

"मग मॅडम?"

"मॅडम वर्गात असतील. मी तुझ्याच बाकावर."

सिस्टरनी आपलं नाव सांगितलं. सांगताना त्या जराशा लाजल्या. नवरा 'अगं' म्हणायचा, मुलगी 'आई', सासूबाई 'सूनबाई' आणि उरलेलं सगळं जग 'सिस्टर'. ते नाव पगाराच्या कागदावर तेवढं राहिलं होतं. मुलीनं ते पुटपुटून पाहिलं. "छान आहे," म्हणाली. "पण 'तुम्ही'च म्हणेन हं. एकदम 'तू' नाही जमायचं."

"हळूहळू," सिस्टर म्हणाल्या.

संध्याकाळी मेसमध्ये ही गर्दी. हातात ताट घेऊन सिस्टर रांगेतून पुढे सरकल्या, वाढणाऱ्या बाईंनी न विचारता वाढलं आणि त्या ताट सांभाळत बाकांच्या मधोमध उभ्या राहिल्या. कुठं बसायचं ते कळेना. सगळीकडे वीस-बावीस वर्षांची तोंडं, सगळी एकाच वेळी बोलणारी. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून कुणीतरी कुणालातरी नाव घेऊन जोरात हाक मारली. एकदा, मग पुन्हा. ही कोण बाई ओ देत नाहीये, म्हणून सिस्टरनी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"आले," त्या म्हणाल्या.