दुसरा बाप्तिस्मा

"पास्टर, आधीचा बाप्तिस्मा कॅन्सल होतो का?"

तोंड माझं असलं तरी प्रश्न माझ्या वर्गातल्या अवनी आणि भाग्यश्रीचा होता. मधल्या सुट्टीत मी त्यांना सांगितलं, की रविवारी लोणी काळभोरला एका फार्महाउसच्या स्विमिंग पूलमध्ये माझा बाप्तिस्मा आहे. अवनीचा घास हातातच राहिला.

"अगं, पण तुला पोहता येत नाही!"

"पोहायचं नसतं गं. पास्टर धरतात, एकदा पाण्याखाली घालतात आणि वर काढतात."

"पण तुझा लहानपणीच झालाय म्हणाली होतीस," भाग्यश्री म्हणाली. ती कधीच काही विसरत नाही. "मग तो काय, कॅन्सल?"

"विचार ना पास्टरांना," अवनी म्हणाली. "आहे हिंमत?"

हिंमत! वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून माझ्याकडे दुसरं आहेच काय? मी लगेच टाळी दिली.

आता आमच्या घरचं सांगते. आमच्याकडे रविवार दोन असतात. आईचा रविवार कॅम्पातल्या जुन्या चर्चमध्ये, ज्याला ती देऊळच म्हणते. तिथे लाकडी बाकं, पेटी, तबला आणि बायकांच्या डोक्यावर पदर. पाळकसाहेब तान्ह्या बाळांच्या कपाळावर पाणी लावून बाप्तिस्मा देतात आणि बाळ मोठं झालं, की ते स्वतः सगळ्यांसमोर विश्वास कबूल करतं, त्याला दृढीकरण म्हणतात. पप्पांचा रविवार खराडीत, एका जिमच्या वरच्या हॉलमध्ये. तिथे ड्रम, गिटार, वर केलेले हात. लोक मोठमोठ्यानं रडतात, नाचतातसुद्धा. तिथे कळत्या वयातच बाप्तिस्मा देतात, तोही पूर्ण पाण्याखाली घालून. ज्यांच्यावर लहानपणी पाणी घातलेलं असतं, त्यांना आधी माइकवर साक्ष द्यावी लागते, की तो बाप्तिस्मा नव्हता.

मला दोन्ही आवडायचं. कॅम्पातली गाणी मला पाठ आहेत. आणि पप्पांना मी आयुष्यात पहिल्यांदा रडताना पाहिलं ते खराडीत. हुंदके देत होते, पण घरी येताना चक्क शीळ घालत आले. त्यानंतर ते कॅम्पात परत गेले नाहीत.

अजून एक सांगायचं राहिलं. मी एकटी जन्मले नाही. अभिनव माझा जुळा भाऊ. आम्ही दोघं फार लवकर जन्मलो, काचेच्या पेटीत होतो, आणि तो गेला. नोव्हेंबरात, सगळ्या मृतांच्या आठवणीच्या दिवशी, कबरीवर मेणबत्ती लावायला आधी आम्ही तिघं जायचो. आता मी आणि आईच जातो.

तर, त्या संध्याकाळी बाप्तिस्म्याच्या वर्गात मी उभी राहिले आणि विचारलं. नेमकी आई तेव्हा हॉलमध्ये होती. माझा पांढरा ड्रेस शिंप्याकडून घेऊन ती पहिल्यांदाच वर आली होती. डोक्यावर पदर घेऊन मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती.

पास्टर हसले. "बेटा, तिकीट काढलेलं असेल तर कॅन्सल होणार ना? बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं, तर त्याला आंघोळ म्हणतात."

सगळे हसले. मीही हसले. आईनं ड्रेस खुर्चीवर ठेवला आणि ती जिना उतरून गेली.

मी आणि पप्पा घरी पोचलो, तर तिनं दिवासुद्धा लावला नव्हता.

"आंघोळ म्हणाले," ती म्हणाली. "माझ्या दोन्ही लेकरांची आंघोळ."

"नीरजा, ते गमतीनं बोलतात गं."

"अहो, मग तुम्ही सांगायचं होतंत ना त्यांना! ते पाणी कुणी घातलं ते!"

"कुणी म्हणजे?" मी म्हटलं. "पाळकसाहेबांनी ना?"

 मग पप्पा खाली जमिनीवरच बसले.

"सुवार्ता, पाळकसाहेब नगरला गेले होते. बाळाचं काही खरं नसेल तर घरचं माणूसही बाप्तिस्मा देऊ शकतं, असं आपल्यात आहे. नर्सनं वाटीत पाणी दिलं. मी आधी तुझ्या कपाळाला लावलं. तू केवढी ओरडलीस! मग त्याची टोपी काढली. लोकरीची होती, एवढीशी. डिसेंबर होता आणि पाणी नळाचं. तो रडला नाही, नुसता आखडला. सकाळी गेला."

"त्याची फुप्फुसं तयार नव्हती," आई म्हणाली. "डॉक्टर म्हणाले होते ना?"

"डॉक्टरांच्या बोटांना नव्हतं लागलं ते पाणी. माझ्या बोटांना लागलं होतं." पप्पा बोटांकडे बघत राहिले. "खराडीत मला सांगितलं, बाळांना ह्याची गरजच नसते, ती तशीच देवाची असतात. कॅम्पात कुणी एवढं सांगितलं असतं, तर मी टोपी काढली नसती गं."

मला वाटलं आई आता ओरडेल. ती ओरडली नाही.

"पाणी लावताना त्याला नावानं हाक फक्त तुम्ही मारलीत," ती म्हणाली. "त्याच्या तोंडावर 'अभिनव' म्हणालात ते तेवढंच. मी दुसऱ्या मजल्यावर होते, टाके घातलेली. मी ऐकलंसुद्धा नाही. आणि आता म्हणता ते काहीच नव्हतं. मग माझ्याकडे त्याचं काय राहिलं, सांगा ना."

  दोघांपैकी एक जरी खोटं बोलत असतं तरी बरं झालं असतं.

त्यानंतर ते भांडले नाहीत. भांडले असते तर परवडलं असतं. आई पप्पांचं ताट वाढून बाल्कनीत जाऊन बसायची, आणि पप्पा जेवण झाल्यावर स्वतःचं ताट घासून ठेवायचे.

शनिवारी पप्पांनी माझी साक्ष लिहून मोबाइलवर पाठवली. मी आरशासमोर उभी राहून म्हणायला लागले, स्पर्धेची तयारी करायचे तशी. 'माझं नाव सुवार्ता' छान झालं. 'लहानपणी माझ्यावर पाणी घातलं, पण' इथपर्यंत आले आणि पुढचं तोंडातून निघेना. पाणी पिऊन आले. परत तिथेच अडले. आरशात माझंच कपाळ दिसत होतं.

बाहेर दोघं चहा पीत होते, एक सोफ्यावर, एक दारापाशी. मी मधोमध जाऊन उभी राहिले.

"पप्पा, मी उद्या लोणीला येणार नाही," मी म्हटलं.  "आणि आई, तू खूश होऊ नकोस. मी दृढीकरणालाही एवढ्यात बसणार नाही. मी तिकडे बसले की पप्पांना वाटणार, तू जिंकलीस. पण ते वाक्य मी माइकवर म्हणणार नाही. माझा बाप्तिस्मा झालाय. पप्पा, तुम्ही केलात, आमच्या दोघांचा. तो झालाच नाही असं मी कुणासमोरही म्हणणार नाही. तुमच्यासाठीसुद्धा नाही."