कोर्ट उठेपर्यंत

"फुंका. मी थांबा म्हणेपर्यंत फुंकत राहा," हवालदारानं सांगितलं आणि मोतीराम भोये जीव लावून फुंकू लागला. कोणतंही काम अर्धवट करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. यंत्रावर आकडा उमटला तेव्हा हवालदारानं एकदा आकड्याकडे आणि एकदा मोतीरामच्या कपाळावरच्या गंधाकडे पाहिलं. तीसची मर्यादा होती आणि आकडा एकसष्ट होता.

दिंडोरी रोडवर, म्हसरूळच्या पुढे, भर दुपारी दोन वाजता हे घडलं. आपण आयुष्यात आजवर दारूला शिवलो नाही, असं मोतीरामनं सांगून पाहिलं. त्या दुपारपर्यंत खरंच होतं ते. बापाचं पिणं बघून त्यानं लहानपणीच कानाला खडा लावला होता. पण असं सांगणारा तो सकाळपासूनचा चौथा असल्यामुळे हवालदारानं लायसन्स मागितलं.

ते लायसन्स म्हणजे मोतीरामची सगळी मिळकत होती म्हणा ना. तीस वर्षांपूर्वी तो आणि बायको सखुबाई पेठकडच्या डोंगरातून द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरीत आले आणि धनराजशेठच्या मळ्यातच राहिले. धनराजच्या वडिलांनी त्याला ट्रॅक्टर शिकवला, मग पिकअप. लायसन्स काढणारा तो पाड्यातला पहिला माणूस. गावी गेला की पोरंसोरं ते हातात घेऊन बघत आणि मोतीराम "फोटोवर बोट नको" म्हणून ओरडत असे.

आता अशा माणसाच्या पोटात दारू गेली कशी? तर त्या दिवशी तो मळ्याचा माल घेऊन वायनरीत गेला होता. तिथे बागाईतदारांना नवी वाइन चाखायला बोलावलं होतं. तेजल नावाच्या तिथल्या बाईंनी कौतुकानं ड्रायव्हरलाही आत नेलं. सहा ग्लास मांडलेले. "काका, ही तुमच्याच मळ्याची," म्हणून त्यांनी पहिला हातात दिला. सगळे घोट घेत, तोंडात घोळवत आणि शेजारच्या स्टीलच्या बादलीत थुंकत. मोतीरामला ते बघवेना. त्या वेली त्यानं छाटल्या होत्या, पावसापाण्यात फवारल्या होत्या. त्यांचा रस बादलीत थुंकायचा? त्याच्या घरी ताटातलं शीत खाली पडलं तरी उचलून कपाळाला लावत. थुंकणं जमेना आणि नाही म्हणणंही जमेना, म्हणून तो सहाच्या सहा ग्लास गिळून मोकळा झाला. तेजलबाईंचं लक्ष पाहुण्यांकडे होतं. रिकामे क्रेट नाशकात पोचवायचे होते, म्हणून हा लगेच गाडीवर बसला.

पोलिसांनी सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त घेतलं, गाडी अडकवली, लायसन्स जमा केलं. संध्याकाळी घरी येऊन त्यानं सखुबाईला सगळं सांगितलं. बादलीचं सांगितलं तेव्हा ती चक्क हसली. मग बराच वेळ भाकऱ्या थापत राहिली आणि तिनं एवढंच विचारलं, "गाडीपुढं कोणी आलं असतं तर?"

मोतीराम आठवू लागला. म्हसरूळच्या शाळेजवळ पोरी रस्ता ओलांडतात, तिथे तो रोज गाडी हळू करतो. त्या दिवशी केली होती का? शाळा सुटलेली होती का? त्याला काही म्हणजे काही आठवेना. शाळेजवळचा चौक आला कधी आणि गेला कधी, याचा पत्ताच नव्हता. तेव्हा मात्र तो मनापासून घाबरला.

धनराजनं वकील गाठून दिल्या, साधनाताई. त्यांनी नीट समजावलं. गुन्हा कबूल केला तर दंड होईल, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते, लायसन्स तीन महिने तरी निलंबित होईल. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत आत. त्यापेक्षा खोकल्याचं औषध घेतलं होतं म्हणायचं. केस रेंगाळेल, तोवर लायसन्स सोडवून घेता येईल.

"मोतीरामदादा, ऐका त्यांचं," धनराज म्हणाला. "ऐन हंगाम आहे. मला दुसरा ड्रायव्हर ठेवावा लागेल. आणि एकदा ठेवला की त्याला काढणार कसा मी?"

तो रागानं बोलत नव्हता, म्हणून मोतीरामला जास्तच लागलं. "शेठ, सखूला खरं सांगून बसलोय," तो म्हणाला. "आता कोर्टात येगळं कसं सांगू?"

कोर्टात न्यायाधीश बाई होत्या. मोतीरामनं गुन्हा कबूल आहे म्हटलं आणि विचारल्यावर बादलीचीही गोष्ट सांगितली. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत.

"थुंकला नाहीत ते समजलं. मग गाडी का चालवली?"

"तेच चुकलं, बाई. शाळेसमोरून गाडी नेली आन मला आठवत नाय. म्हणून आलोय."

त्यांनी दंड केला आणि शिक्षा दिली कोर्ट उठेपर्यंत. म्हणजे त्या दिवसाचं कामकाज संपेपर्यंत तिथेच बसून राहायचं. लायसन्स तीन महिन्यांसाठी गेलं. दुपारी शिपाई दयेनं म्हणाला, जा, चहा पिऊन या, कोण बघतंय. मोतीराम उठला नाही. सखुबाई पदराखाली भाकरी घेऊन शेजारी बसली होती, तीही उठली नाही. इतक्या वर्षांत दोघं असे दिवसभर काही न करता शेजारी बसलेच नव्हते. तिनं मध्येच त्याच्या हातावर हात ठेवला आणि कोणी बघेल म्हणून काढून घेतला. साडेपाचला बाई उठल्या, सगळे उभे राहिले. मोतीराम सगळ्यांत शेवटी बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मळ्यात हजर झाला. धनराजनं त्याला पाहिलं आणि मजुरांत धर म्हणून मुकादमाला सांगितलं. सिन्नरकडचा लखन नावाचा ड्रायव्हर आला होता. चांगला होता, पोलिसांकडून सोडवून आणलेली गाडी स्वच्छ पुसत होता. मोतीरामनं क्रेट भरले, थर लावले, दोर आवळून गाठ मारली आणि सवयीनं पुढे जाऊन ड्रायव्हरच्या दाराला हात घातला. लखन बाजूला उभा राहिला. मोतीरामनं हात काढला, गाडीला मागून वळसा घातला आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसला. माल उतरवायला माणूस लागणारच होता.

लखन गाडी हळू चालवत होता. तरी प्रत्येक गतिरोधकाला मोतीरामचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जाई, आणि पायाखाली नुसता पत्रा असे.