पाचवा उद्गार

"मानवजातीला आज खऱ्या नेतृत्वाची तहान लागली आहे," असं प्रफुल्ल साळवे चर्चच्या पुल्पिटावरून म्हणाले, तेव्हा खाली बसलेल्या मानवजातीला नुसतीच तहान लागली होती.

गुड फ्रायडेची दुपार. बारा ते तीन उपासना, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, सात वक्ते, प्रत्येकी वीस मिनिटं. साळवे तिथल्या मंडळीचे सेक्रेटरी. यादी त्यांनीच केली होती आणि पाचवा, तहानेचा उद्गार, स्वतःला घेतला होता. लोकांना तहान कळावी म्हणून पाण्याचं पिंप मागच्या खोलीत बंद करून किल्लीही स्वतःच्याच खिशात ठेवली. बोलायला लागले ते चाळीस मिनिटं झाली तरी थांबेनात.

एकेचाळिसाव्या मिनिटाला सुरगाण्याकडचे म्हातारे सहादूबाबा बाकावरून घसरले. साळव्यांच्या नव्या कोटाला सहा खिसे होते, आणि किल्ली सातव्यात असावी तशी सापडेना. शेवटी सहादूबाबांच्या ठमाबाईंनी पुल्पिटावरचा, वक्त्यासाठी झाकून ठेवलेला पेला उचलून नवऱ्याला पाजला. पेला अर्धा होता. आधीचा अर्धा कुणाच्या घशात गेला, ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

साळव्यांनी त्याच संध्याकाळी राजीनामा लिहून पाळकांच्या दारात सरकवला.

ईस्टरच्या रविवारी पहाटे मंडळी पुनरुत्थानाची गाणी म्हणत कबरस्तानाकडे निघाली, तेव्हा साळव्यांची स्कूटर गंगापूर धरणाकडे निघाली होती. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. द्राक्षबागा आपणहून मागे सरकत होत्या. धरणाशी पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं, ते कुणी ठरवलंच नव्हतं. त्या राखाडी उजेडात निखारे दिसले, निखाऱ्यांवर मासे, आणि शेजारी पांढऱ्या कपड्यांतलं कुणीतरी. मेलेल्यातून उठलेला प्रभू शिष्यांना असाच पाण्याकाठी भेटला होता. साळव्यांनी चपला काढल्या. गुडघे आपोआप वाकले.

पांढरे कपडे खोकले.

सहादूबाबा होते. त्यांचा भाचा इथेच जाळी टाकायचा. गर्दीत नको म्हणून ठमाबाईंनी त्यांना दोन दिवस त्याच्याकडे धाडलं होतं.

"बसा साहेब. मासा करपंल."

साळवे बसले. चुकलो म्हणाले, आता त्या दारात पाऊल टाकायची लायकी नाही म्हणाले. राजीनाम्याचंही सांगितलं. सहादूबाबांनी मासा उलटला.

"पेत्रानं तीनदा प्रभूची वळख नाकारली. राजीनामा त्यानंबी दिलाच असंल, कोंबडा आरवला तवा. प्रभूनं वाचला नाय. त्याला आदी न्याहारी घातली, मंग मेंढरं सोपवली."

"पण तुम्ही माझ्यामुळे पडलात, बाबा."

"पडलो. उठलो. आज तर उठायचाच सण हाय."

त्यांनी मासा पानावर ठेवून पुढे केला. साळव्यांनी खाल्ला. काट्यासकट, रडत. पलीकडे पाणी हळूहळू पाणी झालं, आभाळ आभाळ. छातीवरचं काहीतरी उतरलं आणि ते उभे राहिले. आवाजात पुल्पिट परत आलं.

"बाबा, आजपासून या मंडळीला मी..."

सहादूबाबांनी हात वर केला.

"करा, समदं करा. आदी तेवढा पान्याचा तांब्या द्या इकडं."