शेतात निजलेली आचल

गगनबाबांनी फ्लेक्स उलगडला आणि कौशल्याबाईंच्या वावरात जमलेल्या अख्ख्या गावाने 'अरे बाप्पा' म्हणून तोंडात बोटं घातली. उपग्रहाने आभाळातून टिपलेलं त्याच वावराचं चित्र होतं ते. चौफेर हिरवागार हरभरा आणि मधोमध लाल रंगात निजलेली एक पोरगी. डोकं, धड, दोन लांब वेण्या.

कौशल्याबाई चित्रापुढे जाऊन बसल्या. त्यांची आचल दोन वेण्या घालायची. मागच्या दिवाळीत ती तापाने गेली. तेव्हापासून वाऱ्याने दाराची कडी वाजली, तरी त्या "आले व माय" म्हणत उठायच्या.

"भक्तहो, शास्त्रज्ञांच्या यंत्रानेही आत्मा टिपला!" बाबा गरजले. "बालिका इथे अडकली, म्हणून इथे पीक येत नाही. हा अंगारा चाखा, तिच्या आसवांनी खारट झालाय!"

तिथलीच पांढरी माती त्यांनी चिमूटचिमूट वाटली. अंजनगावपलीकडचं हे गाव खारपाणपट्ट्यातलं. जमिनीखालचं पाणीच खारं, पाहुण्याला चहासुद्धा खारट लागतो. पण त्या दिवशी ती चव एकालाही ओळखू आली नाही.

उपाय सोपा होता. वावर बाबांच्या नावे करायचं, तिथे समाधी बांधायची, मग बाबा अमावास्येला माय-लेकीची भेट घडवणार. उद्याच दस्त. कौशल्याबाई एका पायावर तयार होत्या. लेक भेटत असेल तर जमीन काय चाटायची?

"काकू, एक चित्र मी दाखवू?" कहकशाँ पुढे आली. आचलची वर्गमैत्रीण. उपग्रहाच्या चित्रांवरून पिकाचा जोम कसा ओळखायचा, ते ती अमरावतीच्या कॉलेजात शिकत होती. तिने मोबाइल पुढे धरला.

"अशी चित्रं कोनालेही फुकट मिळतात. हिरवं तिथं पीक जोमात, लाल तिथं मरून राह्यलं. हे इथं बोअर खोदायच्या आधीचं, पाहा, सारं हिरवं. आन् हे बोअरचं पाणी दिल्यानंतरचं."

दुसऱ्या चित्रात तीच लाल पोरगी निजली होती.

"हे कवाचं व?" कौशल्याबाईंनी मोबाइल हातात घेतला.

"आमी अकरावीत होतो तवाचं, काकू. आचल तवा माह्याच बाकावर बसे."

गर्दीतले म्हातारे बुधाजी पुटपुटले, "बाप सांगे, हे पानी वावराले पाजू नोका. हरबरा सुकून राह्यला म्हून आपनच पाजलं."

"बोअरच्या तोंडाशी साचलं ते डोकं," कहकशाँ म्हणाली. "खोलगटात मुरलं ते धड, पाटाच्या दोन दांडांनी वाहिलं त्या वेण्या. उन्हानं पानी उडालं, मीठ राह्यलं."

कौशल्याबाई उठल्या. बोअर चालू करून त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, मग पदराला बांधलेला अंगारा जिभेवर ठेवला. दोन्हींची चव एकच.

"महाराज," त्या बाबांपुढे उभ्या राहिल्या, "माही पोरगी जित्ती होती, घरात हासत होती. तवा इथं निजलेली हे कोन?"

"नास्तिकांच्या दृष्टीला..." बाबांनी सुरू केलं, पण बोलता बोलताच ते फ्लेक्स गुंडाळू लागले होते.

संध्याकाळी पुन्हा कडी वाजली. कौशल्याबाई उठल्या नाहीत. आचल गेल्यावर पहिल्यांदाच त्या बसल्या जागी मोकळेपणाने रडल्या.

मंडळी, दुःखाला उत्तर सापडत नाही म्हणून कुणीही दिलेलं उत्तर खरं मानू नका. यंत्र खोटं बोलत नसेल, पण यंत्र दाखवणारा माणूस खोटं बोलू शकतो. चमत्काराचं चित्र कुणी पुढे केलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हे कधीचं आहे?