डावीकडची घट

“काकू, हे तुम्हाला खरंच येत नाही?”

स्वप्नालीच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. तेच संजीवनीला जास्त लागलं. कुचेष्टेची तिला सवय होती.

अंबरनाथ पूर्वेला ओवीच्या, म्हणजे संजीवनीच्या लेकीच्या फ्लॅटमध्ये दुपारची वेळ. ओवीला सातवा महिना सरत आलेला, पाय सुजले म्हणून ती सोफ्यावर आडवी. समोरच्या दारची स्वप्नाली इडलीचं भांडं परत द्यायला आली, ती संजीवनीच्या मांडीवरचं विणकाम बघून खाली फतकल मारूनच बसली. पिस्ता रंगाची मऊ लोकर. बाळाचा पुढून उघडा, व्ही गळ्याचा स्वेटर. पाठ झाली होती, बाह्या झाल्या होत्या, पुढचा डावा भाग झाला होता. उजवा भाग गळ्यापर्यंत आला आणि चार दिवस तसाच सुईवर अडकून बसला होता.

“येत नाही असं नाही गं,” संजीवनी म्हणाली. “ती बाजू आमच्या जाऊबाई करायच्या. आमची वाटणीच होती तशी.”

“वाटणी? गळ्याच्या दोन बाजूंची?” स्वप्नालीला हसू आवरेना. “क्या बात है! मी तर मोबाइलवर बघून पहिल्याच दिवशी दोन्ही शिकले. द्या इकडे.”

तिने सुया घेतल्या. “हे बघा. डाव्या भागाला तुम्ही दोन टाके एकत्र सुलट विणून एक करता, बरोबर? ती घट उजवीकडे झुकते. इथे ती डावीकडे झुकायला पाहिजे, तरच गळा दोन्हीकडे सारखा दिसतो. मग काय करायचं? एक टाका विणायचाच नाही, नुसता या सुईवर उचलून घ्यायचा. पुढचा सुलट विणायचा. आणि तो उचललेला ह्याच्यावरून पलीकडे टाकून द्यायचा. झालं.”

“झालं?”

“झालं काकू. अजून काय?”

ओवीने कूस बदलायला घेतली होती, ती बदलून व्हायच्या आत हे शिकवून झालं होतं.

संजीवनीने सुया हातात घेतल्या. उचलला, विणला, टाकला. एक ओळ उलट विणून परत आली. उचलला, विणला, टाकला. सात-आठ वेळा झाल्यावर तिने विणकाम हातभर लांब धरून बघितलं. गळ्याची कड सुतासारखी सरळ डावीकडे चालली होती. बाईला आनंद व्हायला हवा होता. कसला आनंद! तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षं. देवा रे, सव्वीस वर्षं!

लग्न होऊन ती चामटोलीला आली, तेव्हा थोरली जाऊ विठा घरात पांढऱ्या कपाळाने वावरत होती. नवरा गेला तेव्हा विठाचा सुजित तीन वर्षांचा. पण घरात विठाचा शब्द चालायचा, कारण तिच्या हातात कसब होतं. उल्हासनगरचा मुकेश शेठ शाळेच्या स्वेटरांची लोकर तिच्याकडे पाठवायचा. धाकटी जाऊ रिकामी बसलेली बघून विठानेच तिच्या हातात सुया दिल्या. ते उपकार संजीवनी कधी विसरली नाही. टाके घालायला शिकवलं, सुलट-उलट शिकवलं, पाठ, बाह्या, पुढचा डावा भाग, सगळं शिकवलं. आणि तिथे थांबली. उजवा भाग विठा स्वतः करायची, तोही उंबऱ्याकडे पाठ करून.

“ती बाजू माझ्याकडं राहू दे,” ती म्हणायची. “तिला हात लागतो. तुझा हात जड हाय गो.”

संजीवनीने कमी खटपट केली नाही. मागून सुई घालून बघितली, तर टाका पिळायचा. एकदा विठाचा गळा चोरून उसवून बघितला, पण लोकर सरसर निघून आली आणि डोळ्यांना काही सापडलं नाही. शेवटी ओवी दुसरीत असताना तिने हट्टाने लेकीसाठी पूर्ण स्वेटर एकटीने केला. दोन्ही बाजूंना एकच घट. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपुढे विठाने पोरीला मध्ये उभं केलं.

“बघा गो आमच्या संजीवनीची कला! गळ्याच्या एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला जिना!”

बायका खो खो हसल्या. ओवीने तो स्वेटर पुन्हा अंगाला लावू दिला नाही, थंडीत कुडकुडत शाळेत गेली. संजीवनीने त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं, परत परत धुतलं. त्यानंतर तिने विचारणं सोडलं. दुसऱ्या कुणाला विचारावं, तर गावभर होणार की हिरामणच्या बायकोला एवढंही येत नाही. पुढे घरात मोबाइल आला, त्यावर ती लोणची बघायची, कीर्तनं बघायची. हे बघायचं तिच्या मनातही आलं नाही. आपला हात जड, हे तिनेच धरून ठेवलं होतं. गावातही सगळे विठाबाईचे स्वेटर म्हणायचे. संजीवनी आपली मदतीला.

दोन वर्षांपूर्वी विठाला अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात-पाय गेला, बोलणं तेवढं शाबूत राहिलं. सुजित पुण्याला, रविवारी व्हिडिओ कॉल करून “आई, गोळ्या घेतेस ना” विचारतो, की झालं त्याचं कर्तव्य. हगणं-मुतणं संजीवनीकडे. ओवीला दिवस गेले तेव्हा तिने विठाचं अंग पुसता पुसता एकदा म्हटलं होतं, “जाऊबाई, आता तरी सांगा. नातवाला पुरा माझ्या हातचा घालीन म्हणते.”

विठाने डोळे मिटून घेतले होते. “आठवत नाय गो आता काय.”

स्वप्नालीने शिकवलं त्या संध्याकाळी संजीवनी अंबरनाथहून घरी आली ती चप्पल काढून सरळ विठाच्या खाटेशी गेली. पिशवीतून उजवा भाग काढून तिच्या चादरीवर टाकला.

विठाने उजव्या हाताने तो उचलला. अंगठा गळ्याच्या कडेवरून फिरवला, खालून वर, परत वरून खाली.

“कोणी शिकवला?”

“शेजारच्या पोरीनं. एका मिनिटात.”

“वरून तिसऱ्या ओळीत टाका सैल पडलाय.”

“जाऊबाई!” संजीवनीचा आवाज असा चढला की बाहेर पेपर वाचणारा हिरामण दारात येऊन उभा राहिला आणि बायकोचं तोंड बघून आल्या पावली परत गेला. “सैल टाका काय दाखवताय मला? एवढं सोपं होतं!”

“सोप्पं होतं,” विठा म्हणाली. “म्हणूनच नाय सांगितलं. अवघड असतं तर कवाच शिकवलं असतं. तुला कुठं जमलं असतं मग?”

संजीवनी खाटेच्या कडेवर बसली.

“तुला नवरा होता,” विठा वरच्या पत्र्याकडे बघत म्हणाली. “सासू तुझ्या बाजूची. सगळं शिकली असतीस, तर मुकेश शेठची लोकर तुझ्या खोलीत उतरली असती. मग मला या घरात कोण विचारणार होतं? भांडी घासायला ठेवली असती.”

“मग माझ्याकडं काय होतं? पोरीसमोर हसं केलंत तुम्ही माझं.”

विठाने हातातला तुकडा चादरीवर परत ठेवला. म्हणाली, “भूक लागली गो.”

संजीवनी उठली. भात मऊ केला, आमटी ओतून कालवला, भरवला. पण त्या दिवशी घास कोमट आहे का ते तिने नेहमीसारखं आपल्या हातावर लावून बघितलं नाही.

ओवी बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. बारशाला चामटोलीचं अंगण बायकांनी भरलं. पाळण्यात पिस्ता स्वेटर घातलेलं बाळ मुठी आवळून झोपलेलं. विठाला खुर्चीत बसवून पाळण्याजवळ आणलं होतं, डावा हात उशीवर ठेवून. संजीवनीनेच तिला नवं लुगडं नेसवलं होतं, वेणी घातली होती.

शेजारची गंगूमावशी पाळण्यात वाकली. “अगो, गळा बघा कसा काढलाय! हा विठाबायचाच हात. सांगायला नको.”

सगळ्या बायकांनी विठाकडे बघितलं. घुगऱ्यांचं ताट घेऊन आलेली संजीवनी तिथेच थांबली. खरं सांगायचं, तर तिला वाटत होतं की आता ही बोलेल. या लुळ्या हाताने मी काय विणणार, एवढं तरी म्हणेल.

विठाने एकदा संजीवनीकडे बघितलं. मग मान हलवली. “हां. आमच्या घरचंच काम हाय.”

ताट जिथल्या तिथे खाली ठेवून संजीवनी आत गेली. सुया आणि उरलेली लोकर घेऊन आली. पाळण्याशेजारी सतरंजीवर बसली आणि वीस टाके घातले.

“या गो सगळ्या,” ती म्हणाली. “विठाबाईच्या गळ्याची बाजू दाखवते. एक मिनिट नाही लागत.”

“आई, आत्ता?” ओवी म्हणाली.

“आत्ताच. हे बघा, हा टाका नुसता उचलला. हा विणला. आणि हा ह्याच्यावरून पलीकडे टाकला.”

“बस, एवढंच?” कोणीतरी म्हणालं.

“एवढंच,” संजीवनी म्हणाली, खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. “शेंबड्या पोरीलाही येईल.”

सुया या हातातून त्या हातात गेल्या. हसणं, चिवचिवाट. गंगूमावशीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. तिलाही दुसऱ्या खेपेला जमलं. “इश्श! आणि आम्ही समजत होतो काय न् काय!” ती म्हणाली.

“संजीवनी, पाणी दे,” विठा हळूच म्हणाली.

संजीवनी उठली. पेला तिच्या ओठांना लावला, हनुवटीवर ओघळलेलं पदराने टिपलं, रोजच्यासारखं. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. पेला ठेवायला वळताना तिची नजर विठाच्या मांडीवर गेली. उजव्या हाताची दोन बोटं लुगड्यावर हलत होती. एक टाका उचलत होती, पुढच्यावरून टाकत होती, परत उचलत होती.

संजीवनीने घुगऱ्यांचं ताट उचललं आणि पहिली मूठ गंगूमावशीच्या ओटीत घातली.