उचिलला ठेवायचं की काढायचं

इंडोनेशियातल्या बांदुंग शहरातल्या त्या ऑफिसात सकाळपासून एका पोरावरून भांडण जुंपलं होतं, आणि ते पोर खरं म्हणजे कुणाच्या पोटी आलेलंच नव्हतं. उचिल त्याचं नाव. वय वर्षं चार, राहणार अंतराळयानात, कप्तान झोरा नावाच्या बाईच्या कडेवर. व्हिडिओ गेममधल्या कप्तानबाईला मूल असावं ही कल्पना वेनिंगची. गेमची गोष्ट लिहायचं काम तिचं होतं. दोन वर्षं तिनं त्या पोराला बोबडं बोलायला शिकवलं, पेज भरवली, यान हादरलं की टेबलाखाली लपायला शिकवलं. आता सगळे मिळून त्याच्या जिवावर उठले होते.

"मला एक सांगा," गोळीबाराचं काम बघणारा दानू म्हणाला, "दाराशी शत्रू आलाय, यानाला भोक पडलंय, आणि हे पोर म्हणतं 'आई, शू!' मी बंदूक धरू की त्याला धरू?"

"लग्न झालं की कळेल तुला," मागून कुणीतरी म्हणालं.

"अहो, म्हणून तर करत नाही!"

हशा पिकला. वेनिंगला काही हसू आलं नाही.

"असल्या मोहिमेवर जाणाऱ्या बाईनं मूल होऊच देऊ नये," दानूला आता चेव चढला होता. "आणि झालंच, तर घरी ठेवावं."

"घरी म्हणजे कुणाजवळ?" वेनिंगनं विचारलं.

"असेल की कुणीतरी."

"हो, असतंच ना कुणीतरी," ती म्हणाली, आणि एकदम सगळे आपापल्या पडद्यात डोकं घालून बसले. वेनिंगची सात वर्षांची गेंदिस सहा तासांवर कुतोआर्जोजवळच्या गावात आजीपाशी वाढत होती, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा कालिमंतानला गेला तो तिकडचाच होऊन बसला होता.

कप्तानबाईची अडचण वेनिंगला कळत नव्हती असं नाही. म्हणून तर तिनं वाटेतल्या स्थानकावर एक म्हातारी दुकानदारीण बसवली होती. मोहिमेवर जाताना उचिलला तिच्याकडे तितिप करायचं. तितिप म्हणून माणसं शेजारी किल्ली ठेवतात, कोंबडी ठेवतात, पोर ठेवतात. घ्यायला येईन हे वेगळं सांगावं लागत नाही. परदेशातल्या मालक कंपनीला या शब्दाचं काय करावं ते कळेना. त्यांनी बटणावर 'जमा करा' असं लिहून टाकलं, सामान जमा करतात तसं. मग बत्तीस जणांना गेम खेळायला बसवलं. एकतीस जणांनी उचिलला जमा केलं आणि परत घ्यायला एकही गेला नाही. बत्तिसावा जमा करायलाच विसरला, तेव्हा पोर त्याच्यासोबत मेलं.

"तेह वेनिंग," ऑफिसचे मुख्य कांग देदेन शेवटी म्हणाले. तिकडे तेह म्हणजे ताई, कांग म्हणजे दादा. माणूस सोशिक होता. "पोर ठेवायचं तर पुढची सगळी गोष्ट नव्यानं लिहावी लागणार, डिसेंबर उजाडेल. काढायचं तर जूनअखेर गेम हातावेगळा. सोमवारी मला मालकांना उत्तर द्यायचंय. तूच त्याला जन्माला घातलंस, तूच सांग. मी तुझ्या शब्दाबाहेर नाही."

जूनअखेर. गावाजवळच्या शाळेत संगणक शिकवायची जागा निघाली होती, जुलैपासून. हेडमास्तर जुलैपर्यंत थांबणार होते, डिसेंबरपर्यंत कोण थांबतं? आणि गेंदिसला तिनं केव्हाच सांगून ठेवलं होतं, गेम संपला की आई घरी, कायमची.

शनिवारी गावाकडच्या गाडीत बसल्या बसल्या तिनं देदेनना कळवलं, काढून टाका. दोन वर्षं वाढवलेलं पोर दोन शब्दांत निकालात काढलं आणि ती बाहेरची भातशेतं बघत बसली. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण घरी जायला मिळणार याचा आनंद त्याहून मोठा होता, आणि त्या आनंदाची तिला जराही लाज वाटली नाही.

घरी पोचते तोच गेंदिसनं लॅपटॉप पळवला. त्यात जुना गेम होता, उचिलसकट. म्हटलं खेळू दे. हात-पाय धुऊन, आईनं पुढ्यात ठेवलेलं नारळाच्या दुधातलं गार काळं दावेत पिऊन वेनिंग लेकीशेजारी येऊन बसली, तरी कप्तानबाई अजून स्थानकावरच! दुकानातली म्हातारी म्हणत होती, ठेवून जा, मी बघते. गेंदिस त्या बटणाकडे ढुंकून बघत नव्हती. ती उचिलला पेज भरवत होती. एक वाटी झाली की दुसरी.

"न्दुक, बाळा, अगं जा की मोहिमेवर."

"नाही जायचं."

"मग गेम पुढे कसा जाणार?"

"नाही गेला तर काय होतं?"

असंही कुणी खेळेल हे वेनिंगच्या डोक्यातच आलं नव्हतं, त्यामुळे तिनं तिथं काही लिहिलंच नव्हतं. वेळ संपली, पडद्यावर लाल अक्षरं आली: मोहीम फसली. गेंदिसनं पहिल्यापासून सुरू केलं आणि पुन्हा पेज भरवायला घेतली.

म्बाह तुगिनेम, म्हणजे गेंदिसची आजी, तळलेल्या केळ्यांची ताटली घेऊन आली. पडद्याकडे बघून म्हणाली, "कुणाचं गं हे पोर? किती हाडकुळं!"

"म्हणून तर भरवतेय, म्बाह. याला आईशिवाय कुणी नाही."

ताटली ठेवून आजी आत गेली. वेनिंगला वाटलं, आताच सांगून टाकावं, नंतर जड जाईल.

"फार लळा लावून घेऊ नकोस हं. नव्या गेममध्ये तो नसणारे. काढलाय त्याला."

"काढून कुठे ठेवला?"

"कुठे नाही. काढला म्हणजे... नाहीच तो."

"का?"

"तो असला तर मला डिसेंबरपर्यंत तिकडे राहावं लागेल. तो नसला की मी जूनला घरी. तुझ्यासाठीच काढला ना!"

तोंडातून गेलं आणि वेनिंगला कळलं, हे बोलायला नको होतं. गेंदिसनं बोटांवर महिने मोजले, एकदा चुकले म्हणून परत मोजले.

"मग मी थांबते," ती म्हणाली. "मला म्बाह आहे. त्याला कोण आहे?"

"गेंदिस, चित्र आहे गं ते!"

"मग त्याला बोलायला कशाला शिकवलंस?" एवढं म्हणून तिनं आईचा फोन आणून आईच्या हातात दिला. "सांग त्यांना."

सात वर्षांच्या पोरीसमोर वेनिंगचं काही म्हणता काही चाललं नाही. तिनं फोन लावला. गेंदिस गुडघ्याला खेटून उभी, कान फोनाला.

"पोर गेलं, तेह," देदेन म्हणाले. "दानू सकाळीच येऊन शिट्टी वाजवत काढून गेला. परत आणता येईल, नाही असं नाही, पण मग डिसेंबर. बोल, काय करू?"

गेंदिसला घरची जावानी येत होती, शाळेतली इंडोनेशियन येत होती. बांदुंगची सुंदानी तिला अक्षरही कळत नव्हती. वेनिंगला तरी कुठे धड येत होती! ऑफिसात तिच्या सुंदानीची रोज टिंगल व्हायची. त्याच मोडक्यातोडक्या सुंदानीत ती म्हणाली, "काढलाय तो काढलेलाच राहू दे."

"आज एकदम आमच्या भाषेत? बाजूला कुणी आहे का?"

"लेक आहे."

"बरं," देदेन म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"राहील म्हणाले."

गेंदिसनं उड्या मारल्या नाहीत की टाळ्या पिटल्या नाहीत. मोठ्या बाईसारखी मान हलवून ती मागच्या अंगणात गेली, आणि वेनिंगला तिचा आवाज ऐकू आला. "म्बाह, आई आता डिसेंबरला येणार. मीच सांगितलं तिला, चालेल म्हणून."

तुगिनेम दारात येऊन उभी राहिली. "काय चाललंय तुम्हा मायलेकींचं?"

"जूनलाच येतेय मी."

"मग पोरीला सांग ना तसं!"

"सांगते."

सांगते म्हणाली खरी, पण रविवारी निघेपर्यंत तिला तोंड उघडवलं नाही. लेक इतकी ऐटीत होती! शेजारी सांगून आली, शाळेतल्या बाईंनाही सांगणार होती. तिचा एवढा मोठेपणा हिसकावून घ्यायला वेनिंगचा जीव होईना, आणि खोटं बोलल्याचं कबूल करायचा धीर तर त्याहून होईना. मग फोनवर रोज तेच.

"उचिलनं आज काय खाल्लं?"

"पेज. आणि अर्धं अंडं."

"अर्धंच? रडला का?"

"नाही गं, शहाणा आहे तो."

"झोपताना तू त्याच्याजवळ असतेस ना?"

"असते."

गोष्टी रचून पोट भरणारी बाई ती, तिला काय अवघड होतं! फोन ठेवला की मात्र ती तशीच बसून राहायची, आणि दानूसुद्धा तिच्याशी थट्टा करायचा थांबला होता. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता मे सरला, जूनही संपत आला. गेम वेळेवर गेला, मालक खूश झाले, देदेननी तिला स्टेशनवर सोडलं.

दोन बॅगा, गादीची वळकटी आणि टेबलपंखा घेऊन वेनिंग भर दुपारी दारात उतरली. गेंदिस अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. आईला बघताच तिचा चेहरा असा फुलला की वेनिंगला वाटलं, झालं, सुटले. पोरगी धावत सुटली, आणि चार पावलांवर येऊन थांबली. तिनं पंख्याकडे पाहिलं, वळकटीकडे पाहिलं.

"तू इकडे कशी?" तिनं विचारलं. "मग त्याच्याजवळ कोण आहे?"