सुटे कागद

नवरा डाव्या कुशीवर झोपतो.

पुठ्ठा ओला असताना वजनाखाली ठेवला नाही, तर कडेने वळतो.

लग्नाला माणसं किती? एकशे चाळीस. जेवायला? दोनशेच्या वर.

सासूबाईंना जाऊन वर्ष झालं. त्यांची औषधं अजून फ्रिजच्या दारात आहेत. टाकायचं काम सून-सासऱ्यांनी एकमेकांवर ढकललंय.

साहेबांसमोर फार हसायचं नाही. फार गप्पही बसायचं नाही.

सुई कागदातून जाते तेव्हा आवाज होतो. सवयीच्या माणसालाच तो ऐकू येतो.

*

तिने फाइल टेबलावर ठेवली, फोटो काढला आणि नवऱ्याला पाठवला. दुपारचे दोन वाजले होते. उद्या सकाळी सहाची गाडी, दहाला व्हिसाच्या मुलाखतीसाठी वकिलातीच्या दारात. नवरा तिकडे परदेशात शीतगोदामात पाळीवर होता, तरी मिनिटभरात त्याचा व्हिडिओ कॉल आला.

"हे काय आहे?"

"फाइल. बाबांनी बांधून दिली."

"बांधून म्हणजे?"

तिने मोबाइल फाइलजवळ नेला. करड्या कापडाची पाठ, कोपऱ्यांना कातडं, आत एकशे बारा पानं, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलेली. दाखले, फोटो, अडीच वर्षांची पत्रं, फोनच्या नोंदी. सासऱ्यांनी चाळीस वर्षं पुस्तकबांधणी केली होती. फाइल कसली, ग्रंथच झाला होता तो.

"अगं, सुटे कागद लागतात! खिडकीतला माणूस एकेक कागद मशीनमध्ये घालतो. बांधलेलं दिसलं की परत पाठवतात. माझ्याबरोबरच्या एकाच्या बायकोला नुसत्या पिनांपायी परत धाडलं. पुढची तारीख आठ महिन्यांनी!"

तिने खुर्ची ओढली, पण बसली नाही.

"आणि मूळ दाखल्यांना भोकं पडली असतील तर संपलंच. बाबांना कुणी सांगितला होता हा उद्योग?"

सासरे दारात उभे होते. हातात चहाचे दोन कप.

"मला काय ठाऊक, बाबा रे," ते फोनच्या दिशेने म्हणाले. "मी आपलं सगळं एका जागी राहावं म्हणून..."

"चूक माझी आहे," ती मध्येच म्हणाली. "मी सांगायला विसरले त्यांना."

"तू पण कमाल करतेस. मिठामिरचीच्या याद्या करतेस आणि नेमकं हे..." मागून कुणीतरी त्याला हाक मारली. "कसंही करून सोडव. कळव मला."

फोन बंद झाला. सासऱ्यांनी एक कप तिच्याकडे सरकवला. त्यात साखर नव्हती. मुलाखतीच्या सरावाच्या वेळी "बायको चहात साखर किती घेते" या प्रश्नाला नवऱ्याने "दोन चमचे" म्हटलं होतं. साखर सोडून तिला दीड वर्ष झालं होतं. तिने ते दुरुस्त केलं नव्हतं.

"उसवायला किती वेळ लागेल, बाबा?"

"बांधायला चार दिवस लागले. उसवायला काय! संध्याकाळपर्यंत होईल."

*

दोघं समोरासमोर बसले. त्यांनी बारीक चाकू घेतला, तिला चिमटा दिला. ते दोरा कापत, ती ओढून काढी. हल्ली त्यांचा हात थरथरायचा. चाकू धरला की थांबायचा.

"सराव घेऊ का?"

गेले तीन आठवडे रोज तेच वकिलातीतले साहेब व्हायचे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज जाड.

"घ्या."

"बाई, तुमचे यजमान काय काम करतात?"

"शीतगोदामात आहेत. माल उतरवून घेतात."

"त्यांच्या अंगावर एखादी खूण?"

"उजव्या गुडघ्यावर. लहानपणी सायकलवरून पडले होते."

"पडला नव्हता. मीच सीट सोडली होती मागून. म्हटलं, जाईल एकटा." त्यांनी पुढचा टाका कापला. "साहेबाला हे नको सांगूस. पडले, एवढंच."

"बरं."

"तिकडे गेल्यावर परत कधी येणार?"

हा प्रश्न यादीत नव्हता. तिने चिमट्यातला दोरा बशीत ठेवला.

"असं विचारतात साहेब?"

"विचारलं तर तयारी असावी." ते चष्मा पुसू लागले. "राहू दे. पुढचा घेतो."

पुढचा त्यांना आठवला नाही.

पानं सुटत गेली. पत्रांना पाच-पाच भोकं, फोनच्या नोंदींनाही. त्यांचं एवढं काही नव्हतं. मग लग्नाचा दाखला आला. तिने तो खिडकीच्या उजेडात धरला, वरून खाली पाहिला, उलटा केला.

एकही भोक नव्हतं. कडेला बोटभर रुंदीची कागदाची पट्टी चिकटवली होती आणि सुई त्या पट्टीतून गेली होती. नवऱ्याचा जन्मदाखला तसाच. तिचा पोलिसांचा दाखला तसाच. जेवढे मूळ कागद, तेवढ्यांना पट्टी.

"मैद्याची खळ लावलीय. पाण्याने सुटते," सासरे म्हणाले. तिने काही विचारलं नव्हतं. "गोंद लावला असता तर कागद गेला असता."

"हो."

"कापूस भिजव. फार ओला नको."

ती उठली. कापूस भिजवून आणला. एकेक पट्टी अलगद सुटली. दाखले त्यांनी दोन टीपकागदांत घालून लोखंडी वजनाखाली ठेवले. पाच वाजता सगळे सुटे कागद प्लास्टिकच्या पाकिटात गेले. टेबलावर करड्या पाठीचं रिकामं कव्हर तेवढं उरलं.

"हे टाकू?" त्यांनी विचारलं.

"कशाला? मूळ कागद परत देतात ते."

"मग?"

"मग बांधा पुन्हा."

ते हसले नाहीत. बशीतले दोऱ्याचे तुकडे त्यांनी तळहातावर गोळा केले.

"मेणाचा दोरा आहे अजून," म्हणाले.

वकिलातीचा सूचनांचा कागद आला, त्याच दिवशी तिने तो सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला होता. दोनदा. पहिल्या वाचनानंतर त्यांनीच म्हटलं होतं, ते सुट्या कागदांचं काय ते पुन्हा वाच.